वेलनेस कार्यक्रमाला शॉप फ्लोअरवरचे कामगार का येत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पत्र्याचे भाग बनवणारा कारखाना, सुमारे 400 माणसं, तीन पाळ्या. प्रेस शॉप, वेल्डिंग, पेंट आणि पॅकिंग असे विभाग. वर्षभरापूर्वी एचआरने आरोग्य कार्यक्रम सुरू केला: पावलं मोजणारं ॲप, आठवड्यातून दोनदा व्यायामवर्ग, वार्षिक रक्ततपासणी, आहारावर व्याख्यानं. येतात ते बहुतेक ऑफिसातले. शॉप फ्लोअरवरचे फिरकत नाहीत. सेफ्टी वेगळ्या विभागाकडे आहे. तिथे अपघातमुक्त दिवसांचा फलक आणि तिमाही बक्षीस. आता व्यवस्थापन म्हणतंय खर्चाचा फायदा दाखवा, आणि तुम्ही विचारताय की सहभाग कसा वाढवू.

सहभागाच्या मागे तूर्तास लागू नका. सगळेच्या सगळे कामगार वर्गाला आले तरी व्यवस्थापनाला दाखवण्याजोगं काही हाती लागेल याची खात्री नाही. यावर आता चांगले प्रयोग झालेत आणि ते तुम्हाला माहीत असायला हवेत, कारण ॲप विकणारा माणूस ते तुम्हाला सांगणार नाही.

2010 मध्ये कॅथरीन बेकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून एक आकडा मांडला: वेलनेसवर खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे वैद्यकीय खर्चात सुमारे 3.27 डॉलर वाचतात. तो आकडा सादरीकरणांमधून फार फिरला. पुढे साँग आणि बेकर यांनीच जास्त काटेकोर प्रयोग केला. अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीची 160 ठिकाणं, सुमारे 33,000 कर्मचारी. त्यातली 20 ठिकाणं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून तिथे कार्यक्रम राबवला. 18 महिन्यांनंतरचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. कार्यक्रम असलेल्या ठिकाणी ‘मी नियमित व्यायाम करतो’, ‘वजनाकडे लक्ष देतो’ असं सांगणारे वाढले होते. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, उपचारांचा खर्च, गैरहजेरी यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. आधीच्या अभ्यासांत एवढा फायदा का दिसला असेल, याचं एक उत्तर इलिनॉय विद्यापीठातल्या प्रयोगातून मिळतं: जे आपणहून कार्यक्रमाला येतात त्यांचा वैद्यकीय खर्च मुळातच कमी असतो. आलेल्यांची न आलेल्यांशी तुलना केली की कार्यक्रम यशस्वी वाटतो, आणि तो यशस्वी वाटायला कार्यक्रमाने काही करावंच लागत नाही. तुमच्याकडे ऑफिसातले येतात आणि प्रेस शॉपवाले येत नाहीत, हे त्याचंच छोटं रूप आहे.

मानसिक आरोग्याच्या बाबतीत चित्र असंच आहे. ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांची माहिती विल्यम फ्लेमिंग या संशोधकाने तपासली. लेख 2024 चा. ताण कसा हाताळावा याचं प्रशिक्षण, माइंडफुलनेस, झोपेची ॲप्स असे एकेका व्यक्तीसाठीचे उपक्रम घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्वास्थ्यात फायद्याचा फरक जवळजवळ दिसला नाही.

मग आरोग्य कार्यक्रम गुंडाळायचा का? नाही. तो चुकीच्या टोकाकडून सुरू झालाय. पॅकिंगमधला माणूस पाळीभर वाकून खोकी उचलतो, त्याची पावलं ॲपशिवायच भरपूर होतात. त्याची कंबर दुखते ती व्यायाम कमी पडतो म्हणून नव्हे, पॅलेट जमिनीवर ठेवलेलं आहे म्हणून. छप्पर गळत असताना घरातल्यांना छत्र्या वाटायच्या आणि मग छत्री कोण उघडतंय याची नोंद ठेवायची, असं काहीसं चाललंय.

आरोग्य आणि सेफ्टी हे दोन विभाग वेगळे ठेवण्याला शरीराच्या पातळीवर काही अर्थ नाही. ॲस्बेस्टॉसचं उदाहरण घ्या. अमेरिका आणि कॅनडातल्या इन्सुलेशन कामगारांवरच्या इरव्हिंग सेलिकॉफ आणि क्यूलर हॅमंड यांच्या अभ्यासात, दोन्हींपासून दूर असलेल्या माणसाच्या तुलनेत नुसत्या ॲस्बेस्टॉसने फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका सुमारे 5 पट, नुसत्या सिगारेटने सुमारे 10 पट, आणि दोन्ही एकत्र असतील तर 50 पटींहून जास्त दिसला. आता यातली सिगारेट एचआरची आणि धूळ सेफ्टीची, अशी वाटणी कशी करणार? पेंट शॉपमध्येही तेच आहे: टोल्युइनसारखी काही द्रावकं (रंग पातळ करणारी रसायनं) स्वतःच श्रवणशक्तीला मारक आहेत, शेजारी मोठा आवाज असेल तर नुकसान आणखी वाढतं.

ही दोन टोकं जोडल्याने काय होतं, याचा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. ग्लोरियन सोरेन्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 15 कारखान्यांत तो केला. काही ठिकाणी फक्त आरोग्य सल्ला: धूम्रपान सोडा, आहार सुधारा. इतर ठिकाणी त्याच सल्ल्याबरोबर कामाच्या जागेवरची घातक रसायनं आणि धूर कमी करण्याचं काम. तासावर पगार घेणाऱ्या कामगारांत पहिल्या गटात सिगारेट सोडणारे 5.9 टक्के, दुसऱ्या गटात 11.8 टक्के. सल्ला तोच, परिणाम दुप्पट. याचा मी लावतो तो अर्थ असा: दिवसभर वेल्डिंगचा धूर छातीत घेणाऱ्याला कंपनी फक्त बिडीबद्दल बोलते तेव्हा तो मनातल्या मनात हसतो. कंपनीने आधी धुराचं काही केलं की तिचं बोलणं ऐकण्यालायक होतं. तुमच्या सहभागाच्या प्रश्नाचं उत्तर बहुतांशी इथेच आहे.

सुरुवात प्रथमोपचाराच्या नोंदवहीपासून करा. सगळ्या कारखान्यांत ही वही असते आणि फारच थोड्या ठिकाणी ती कुणी वाचतं. कुठल्या विभागातून, कुठल्या पाळीत, आठवड्याच्या कुठल्या दिवशी लोक येतात? वेदनाशामक गोळ्या आणि मलम सर्वांत जास्त कुठे संपतं? नोंदवहीत नसलं तरी पेटी पुन्हा भरणाऱ्याला हे माहीत असतं, त्याला विचारा. मग प्रत्येक विभागात मानवी शरीराची मोठी बाह्याकृती काढलेला कागद लावा आणि दुखतं तिथे ठिपका द्यायला सांगा. नाव नको, फक्त ठिपका. दोन-तीन दिवसांत वेल्डिंगच्या कागदावर मान आणि खांदे, पॅकिंगच्या कागदावर कंबर आणि मनगटं भरून जातील. हा कागद व्यवस्थापनाच्या बैठकीत टेबलावर ठेवला की रक्ततपासणीच्या आलेखापेक्षा जास्त बोलतो, हा माझा अनुभव.

त्यानंतर विभागवार जा. तुमच्याकडे प्रेस शॉप आहे म्हणून आवाजाबद्दल जरा सविस्तर सांगतो.

अमेरिकेतल्या नायोश या कामगार सुरक्षा आणि आरोग्यावरच्या सरकारी संशोधन संस्थेची शिफारस 8 तासांना 85 डेसिबलची आहे आणि आवाज 3 डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते: 88 ला 4 तास, 91 ला 2 तास, 94 ला एक. 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटं उरतात. यावर बहुतेक ठिकाणचं उत्तर म्हणजे इअरप्लगचा डबा. त्यावर छापलेलं संरक्षण प्रयोगशाळेतलं असतं आणि पूर्ण वेळ घातल्यावरचं असतं. 30 डेसिबलचा प्लग माणसाने पाळीचा निम्माच वेळ घातला, तर या हिशेबाने त्याला मिळणारं संरक्षण साधारण 3 डेसिबल उरतं, कारण उघड्या कानाने काढलेल्या निम्म्या वेळेतच जवळजवळ सगळा मार बसून जातो. आणि प्लग तो काढणारच. सुपरवायझरची हाक ऐकायची असते, मशीनचा बदललेला आवाज ओळखायचा असतो, घामाने कान खाजतो. त्याला दंड करून हे बदलत नाही.

म्हणून आवाज उगमापाशी शोधा. प्रेस शॉपमध्ये ठोक्याइतकाच त्रास पुष्कळदा भाग उडवणाऱ्या किंवा कचरा झटकणाऱ्या दाबाखालच्या हवेचा असतो. हवेचा दाब गरजेपुरता कमी करणं आणि साध्या नळीच्या जागी कमी आवाजाचं नोझल लावणं ही स्वस्तातली कामं आहेत. भाग जिथे घरंगळतात त्या पन्हाळीला आणि पडतात त्या पेटीला आतून रबर लावा. सैल झालेले गार्ड, झिजलेली बेअरिंग्ज मेंटेनन्सच्या यादीत घ्या. त्यानंतरही उरलेल्या आवाजासाठी इअरप्लग. हा क्रम सेफ्टीवाल्यांना पाठ असतो: धोका काढून टाका, नाही जमलं तर बदला, मग यंत्रणेने अडवा, मग कामाची पद्धत आणि पाळ्या, आणि सर्वांत शेवटी अंगावरची साधनं. पाठ असूनही खरेदीचे कागद उघडलेत तर पैसा शेवटच्या पायरीवर गेलेला दिसतो.

वेल्डिंगचा धूर 2017 पासून आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या गट 1 मध्ये आहे, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध असलेल्या गोष्टींत. तुमच्याकडे एक्झॉस्ट असेलच. तो चालू आहे का, यापेक्षा त्याचं तोंड ठिणगीपासून किती लांब आहे ते बघा. अंतर वाढलं की धूर ओढण्याची ताकद अंतराच्या वर्गाच्या हिशेबाने घटते. साधारण नियम असा की तोंड नळीच्या एका व्यासाइतक्या अंतराच्या आत हवं. दोन हात लांब लटकणारा एक्झॉस्ट वीज खातो, बाकी काही करत नाही. पेंटमध्ये दोन भाग मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग असेल तर हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे दमा जडवणारं रसायन आहे का ते त्याच्या सुरक्षा माहितीपत्रकात तपासा. त्याने होणारा दमा एकदा जडला की अत्यल्प मात्रेनेही उसळतो. तिथे साधा धुळीचा मास्क चालत नाही.

पॅकिंगसाठी ‘वजन कसं उचलावं’ हे प्रशिक्षण घ्यायचा मोह होईल. त्यावरच्या अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने घेतलेला आढावा सांगतो की अशा प्रशिक्षणाने कंबरदुखी टळते याचा पुरावा नाही. किती वजन उचलणं सुरक्षित हे काढण्याचं नायोशचं 1991 चं सूत्र आदर्श स्थितीतही 23 किलोंपासून सुरू होतं. ओझं अंगापासून लांब असेल, जमिनीलगत असेल, कमरेत वळावं लागत असेल, वारंवार उचलावं लागत असेल, तसतसा आकडा झपाट्याने खाली येतो. तेव्हा पॅलेटखाली उंची बदलणारं टेबल द्या, खोक्याचा आकार ठरवणाऱ्या माणसाला एक दिवस पॅकिंगमध्ये उभं करा. कमरेचे पट्टे घेऊ नका. ते दुखापत टाळतात हे मोठ्या अभ्यासांतही दिसलं नाही.

आता सेफ्टीचा फलक आणि बक्षीस. हे बंद करा, आणि शक्य तितक्या लवकर. अपघात झाला नाही तर सगळ्या विभागाला बक्षीस, याचा अर्थ बोट कापलेल्या माणसावर सहकाऱ्यांचाच दबाव: आत्ता बोलू नकोस, पट्टी बांध. आकडा सुधारतो, कारखाना नाही. मोठ्या दुर्घटनांचा इतिहास याबाबतीत बोलका आहे. 20 एप्रिल 2010 ला डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या तराफ्यावर स्फोट होऊन 11 माणसं गेली. त्याच दिवशी वरिष्ठ अधिकारी तिथे आले होते, आणि सात वर्षं कामाचा दिवस बुडवणारा अपघात न झाल्याबद्दल तराफ्याचं कौतुक होत होतं. 2005 मध्ये टेक्सास सिटीच्या रिफायनरीत 15 जण मेले. नंतरच्या चौकशीत निघालं की घसरणं, पडणं, बोटं चिमटणं यांचे आकडे चांगले दिसत होते आणि त्या समाधानात यंत्रसामग्रीची हेळसांड झाकली गेली होती. तुमच्या प्रेसवरचा इंटरलॉक, म्हणजे गार्ड उघडा असताना मशीन चालू न देणारी कळ, कुणीतरी तारेने बांधून ठेवला असेल, तर फलकावर 300 दिवस झळकत असतानाही तो बांधलेलाच असतो.

बक्षीस द्यायचंच तर नियर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, कळवल्याबद्दल द्या. त्याहून चांगलं म्हणजे कळवलेली गोष्ट ठरल्या दिवसांत दुरुस्त करा. कामगार तक्रार लिहितो, महिनाभर काही होत नाही, मग तो पुन्हा लिहीत नाही. बहुतेक ‘आमचे लोक रिपोर्टच करत नाहीत’ या वाक्यामागे हीच गोष्ट असते. ॲल्कोआ या अमेरिकन ॲल्युमिनियम कंपनीचे प्रमुख पॉल ओनील यांनी 1987 मध्ये सूत्रं घेतली तेव्हा कुणालाही इजा झाली तर 24 तासांत, तीही संबंधित विभागाच्या प्रमुखाकडूनच, आपल्याला कळली पाहिजे असा दंडक घातला. कामाचे दिवस बुडवणाऱ्या दुखापती 100 कामगारांमागे 1.86 होत्या, ते जाईपर्यंत 0.2 च्या आसपास आल्या. त्यातला दंडकाचा भाग सगळे उचलतात. इजा कळवण्याबरोबर ती पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार तेही सांगावं लागे, हा भाग मात्र सोयीस्कररीत्या गळतो.

एक सूचना सुरुवातीला आकडे वाढतील याची. रिपोर्टिंग मोकळं झालं की पहिल्या काही महिन्यांत किरकोळ दुखापती आणि नियर मिस दुप्पट दिसू शकतात. हे व्यवस्थापनाला आधीच लेखी सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात तुमचा कार्यक्रम बंद होईल. आणि कंत्राटी माणसं मोजणीत घ्या. तुमच्या 400 मध्ये ती धरली आहेत की नाही ते तुमच्या प्रश्नावरून कळत नाही. टाकी साफ करणं, छतावर चढणं, भंगार हलवणं ही सर्वांत जोखमीची कामं त्यांच्याकडे आणि अपघाताची नोंद कंत्राटदाराच्या वहीत, असं असेल तर तुमचे सगळे आकडे निम्मेच खरे आहेत.

पाळ्यांबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. आठवड्याला 55 तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असल्याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटना आणि आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) यांनी 2021 मध्ये मांडला. तुमचा ओव्हरटाइमचा तक्ता काढा आणि 55 च्या पुढचे लोक मोजा. तुमच्या हृदयविकार प्रतिबंधाचं पहिलं काम तो तक्ता आहे, कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नंतर. पाळी फिरवायची तर पुढे फिरवा, सकाळ मग दुपार मग रात्र. उलट्या दिशेने झोप जास्त बिघडते. सलग रात्री कमी ठेवा. आरोग्य तपासणी, बैठका, प्रशिक्षण हे सगळं पगारी वेळेत आणि प्रत्येक पाळीत घ्या. रात्रपाळी संपवून आलेल्याला सकाळी दहाच्या व्याख्यानाला बसवणं ही शिक्षा आहे.

ताणाबद्दल थोडकंच. ब्रिटिश सरकारी नोकरांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासांतून मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कामावर स्वतःचा ताबा कमी असणं हे हृदयविकाराशी जोडलेलं आहे. कारखान्यात ताबा म्हणजे काय? लघवीला जायला कुणाला विचारावं लागतं, दोष दिसला तर लाइन थांबवता येते का, उद्याची पाळी किती आधी कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही संस्थेच्या पातळीवरचे बदल आणि व्यवस्थापकांचं प्रशिक्षण यांना जागा आहे. तेव्हा समुपदेशकाचा फोन नंबर जरूर द्या, पण आधी सुपरवायझरांवर काम करा.

तपासणी करता त्या रिपोर्टचं काय होतं हेही पाहा. ते एचआरच्या संगणकात येत असतील तर आजच थांबवा. डॉक्टरकडून तुम्हाला इतकंच कळावं: या कामाला योग्य, अयोग्य, किंवा अमुक मर्यादेसह योग्य. फिट येणारा फोर्कलिफ्ट चालक आजार लपवतो तो नोकरी जाईल या भीतीने, आणि ती भीती खोटी ठरवणारी पर्यायी कामाची सोय तुमच्याकडे असायला हवी. बाकी माहिती नावाशिवाय, विभागवार एकत्र करून घ्या. एकाच विभागातल्या अनेकांची ऑडिओमेट्री (श्रवणतपासणी) खालावली असेल तर तो त्यांच्या कानांचा रिपोर्ट नाही, त्या विभागाचा आहे.

व्यवस्थापनाला फायदा कसा दाखवायचा? वैद्यकीय खर्चात बचतीचं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. कळवलेले धोके, ते दुरुस्त व्हायला लागलेले दिवस, दुरुस्त्यांपैकी किती यंत्रणेत बदल करून आणि किती नुसती सूचना लावून, 85 डेसिबलच्या वरच्या जागा किती उरल्या, 55 तासांवरचे किती, पॅकिंग सोडून जाणारे किती: हे सहा आकडे तिमाहीला एका पानावर द्या. हे सगळे तुमच्या हातात असलेल्या गोष्टींचे आहेत.

हे काम एकट्या एचआरने करू नये. प्रत्येक पाळीतून कामगारांनीच निवडलेले दोघे, मेंटेनन्सचा एक, डॉक्टर, सेफ्टी आणि तुम्ही अशी समिती करा. तिला छोट्या दुरुस्त्यांसाठी वरची सही न घेता खर्चता येईल अशी रक्कम द्या. रक्कम लहान असली तरी चालेल, सही मात्र नको. पहिली दुरुस्ती अशी निवडा की जी महिन्याभरात होईल आणि सगळ्यांना दिसेल. पॅकिंगचं टेबल त्याला चांगलं आहे. व्यायामवर्ग चालू राहू द्या, येणाऱ्यांना तो आवडतोय. ॲपचा करार संपत आला असेल तर नूतनीकरण करू नका, आणि त्याचे पैसे समितीकडे वळवा.